पेठ वसते कशी, मोडते कशी : कोल्हापूरच्या शाहूपुरीपासून पुनर्विकासापर्यंत

आजचा विषय जाहीर केला तेव्हा काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात एफएसआय आणि भाडेकरार कुठून आले? प्रश्न बरोबर आहे. आपण इतिहास म्हटलं की गड, लढाया, सनदा यांच्याकडे बघतो. पण शहराच्या मधोमध उभी असलेली बाजारपेठ हीसुद्धा एक सनदच असते. कोणाला इथे बसायची परवानगी मिळाली, कोणाला नाकारली गेली, पैसा कुठल्या रस्त्याने आला आणि कुठे गेला, हे सगळं त्या दुकानांच्या रांगेत लिहिलेलं असतं. वाचायला मात्र शिकावं लागतं.

आज आपण कोल्हापूरची पेठ वाचणार आहोत. कोल्हापूर निवडायचं कारण साधं आहे. हे ना मुंबई-पुण्यासारखं अवाढव्य शहर, ना लहान तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती. अशा मध्यम शहरात घडणाऱ्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. पेठेतली एक इमारत पडली तरी गल्लीला कळतं.

आधी जुनं शहर समजून घेऊ. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, जुना राजवाडा हा गाभा. त्याच्याभोवती मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, आणि पेठांमधून तालमी. शहराला तट होता. बिंदू चौकात त्याचा बुरूज आजही दिसतो. महाद्वार रस्ता, गुजरी हा या गाभ्याचा बाजार. हा बाजार मुख्यतः देवीला येणाऱ्यांचा आणि घरगुती खरेदीचा. घाऊक व्यापाराला लागणारी मोकळी जागा तटाच्या आत नव्हती. बैलगाड्या उभ्या राहायच्या कुठे आणि गुळाचे रवे उतरवायचे कुठे?

मग १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. तिची सुरुवात शाहू महाराज अल्पवयीन असताना, कारभार दुसऱ्यांच्या हाती असतानाच झाली होती. स्टेशन शहराच्या पूर्वेला, तटाबाहेर झालं. आता बघा, रेल्वे आली म्हणजे व्यापार आपोआप आला असं होत नाही. रेल्वे माल आणते तसा नेतेसुद्धा. जवळ मोठी पेठ नसेल तर शेतकऱ्याचा माल दुसऱ्या गावच्या पेठेत जाऊन विकला जाणार, आणि अडत, हमाली, तोलाई, वखारीचं भाडं हे सगळं त्या गावाला मिळणार. कोल्हापूरच्या मातीतला ऊस आणि गूळ चांगला, पण त्याचा भाव ठरवणारी जागा संस्थानात नसेल तर उपयोग काय?

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. वयाची वीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, स्टेशनजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसवली गेली. वसवली हा शब्द नीट ऐका. ती उगवली नाही. सरळ गल्ल्या आखल्या, व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावलं, गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली. आजही पत्ता सांगताना आपण 'शाहूपुरी, तिसरी गल्ली' असं आकड्याने सांगतो. जुन्या पेठांतल्या वाकड्या बोळांना असा आकडा कोणी दिला नव्हता. आकड्यांची गल्ली म्हणजे आधी कागदावर आणि मग जमिनीवर आलेली गल्ली.

हे कोणत्या काळात झालं तेही लक्षात ठेवा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग. म्हणजे पेठ वसली ती भरभराटीत नव्हे, संकटाच्या तोंडावर. तरी ती टिकली. पुढे १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली, भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं, उसाला पाणी मिळण्याची वाट मोकळी झाली. शेत, पाणी, पेठ, रेल्वे अशी ही साखळी आहे. यातली एक कडी काढली तर बाकीच्या लोंबकळतात. व्यापारवाढ म्हणजे दुकानांची संख्या वाढणं असं आपण समजतो. पण पेठेची खरी वाढ तिच्या मागे काय उभं आहे त्यावर असते.

याच शहरातली दुसरी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या नोकरीतले दलित समाजाचे गृहस्थ. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल सुरू झालं. सुरुवातीला लोक तिकडे फिरकेनात. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावू लागले. ही गोष्ट आपण सामाजिक सुधारणेची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण ती मालमत्तेची आणि व्यापाराचीही गोष्ट आहे. शहराच्या मोक्याच्या रस्त्यावर गाळा कोणाला मिळतो, आणि मिळाल्यावर तिथे गिऱ्हाईक येतं का? गाळा मिळणं ही अर्धी गोष्ट. गिऱ्हाइकाने पायरी चढणं ही उरलेली अर्धी. पुनर्विकासाबद्दल बोलताना हा दुसरा अर्धा भाग आपण हमखास विसरतो. पुढे त्याकडे येऊच.

शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांच्या काळात लक्ष्मीपुरी, राजारामपुरी अशा वसाहती झाल्या. लक्ष्मीपुरी धान्याची. राजारामपुरी मुळात राहण्याची, तीही आकड्यांच्या गल्ल्यांची. बंगले, पुढे अंगण, मागे विहीर किंवा आड. आज राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून जाताना हे कोणाला खरं वाटणार नाही, कारण तिथे आता काचेची दालनं आहेत. राहती वस्ती पेठ कशी बनली, याचं उत्तर १९४९ नंतरच्या इतिहासात आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबई राज्याचे कायदे इथेही आले. त्यात एक होता १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. हा कायदा युद्धानंतरच्या टंचाईतून आला. जागा कमी, माणसं जास्त, मालक मागेल ते भाडं. म्हणून भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला सहज काढता येणार नाही अशी तजवीज केली. हेतू चांगलाच होता. हजारो कुटुंबं आणि छोटे दुकानदार त्यामुळे तग धरून राहिले, हे नाकारता येत नाही.

पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षं राहिला. मग काय झालं? भाडं जागच्या जागी, आणि जागेची किंमत मात्र आकाशात. हा जो मधला फरक आहे तो कुठेतरी जाणारच. तो पागडीत गेला. दुकान सोडताना जुना भाडेकरू नव्याकडून रक्कम घ्यायचा, त्यातला वाटा मालकाला मिळायचा, आणि हे सगळं कागदावर येत नसे. तिकडे मालक म्हणायचा, पन्नास रुपये भाड्यात मी कौलं कशी बदलू? भाडेकरू म्हणायचा, वाडा तुमचा, दुरुस्ती तुम्ही करा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भिंत मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी फुगते आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या पेठेत ताडपत्री टाकलेली छपरं दिसली, की समजायचं हा निसर्गाचा नव्हे, हिशेबाचा परिणाम आहे.

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने पागडीला कायद्याच्या चौकटीत आणलं, बँका आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं, आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. आता ४ टक्क्यांचा हिशेब करून बघू. पन्नास रुपये भाडं, दरसाल ४ टक्के चक्रवाढीने, पंचवीस वर्षांनी किती? सुमारे १३३ रुपये. पेठेतल्या मोक्याच्या गाळ्याचं महिन्याचं भाडं १३३ रुपये! म्हणजे फरक मिटला नाहीच. आणि जोपर्यंत तो फरक आहे, तोपर्यंत इमारत दुरुस्त करण्यापेक्षा ती पाडण्यात मालकाला जास्त रस राहणार. पुनर्विकासाचं मूळ इथे आहे.

आता पैशाची दुसरी बाजू. शिवाजी उद्यमनगरातले ऑइल इंजिनांचे आणि ओतकामाचे कारखाने, सहकारी साखर कारखाने, दूध संघ यांतून जिल्ह्यात पैसा खेळू लागला. शेतकऱ्याच्या घरात बिलाची रक्कम आली की ती खर्च व्हायला शहरातच येते. कापड, सोनं, भांडी, मोटारसायकल, मोबाइल. राजारामपुरीतले बंगले एकामागून एक दुकानांकडे वळले ते यामुळे. शाहूपुरीतला गुळाचा मोठा सौदा मार्केट यार्डात गेला, आणि रेल्वे स्टेशन व मध्यवर्ती बसस्थानक यांच्यामधल्या जुन्या वखारींच्या जागी लॉज, हॉटेलं, बँका, प्लायवूड आणि इलेक्ट्रिकची दुकानं आली. पेठ मेली नाही, तिने धंदा बदलला. हे पेठांचं नेहमीचंच आहे.

मात्र जागा तेवढीच राहिली. १९७२ मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हद्द वाढली नाही. क्षेत्र ६७ चौरस किलोमीटरच्या आतच. हद्दवाढीची मागणी, त्याला गावांचा विरोध, आंदोलनं, पुन्हा मागणी हे कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण झालं, पण महापालिकेची हद्द जिथल्या तिथे. गावकऱ्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. शेतजमीन आणि वाढीव घरफाळा यांची भीती खोटी नाही. परिणाम मात्र एकच झाला. आडवं वाढता येत नाही म्हणून शहर उभं वाढायला लागलं, आणि उभं वाढण्यासाठी सर्वांत किमती जमीन कुठली? पेठेतली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. ढोबळ तत्त्व असं, की पुढचा रस्ता जितका रुंद, तितकं जास्त बांधकाम करता येतं. हे तत्त्व पेठेत कसं उतरतं ते बघा. मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला भरपूर चटईक्षेत्र. मागच्या अरुंद गल्लीतल्या, पंधरा-वीस फूट तोंडाच्या प्लॉटला मुळातच कमी, आणि त्यात पार्किंग, जिना, लिफ्ट, मोकळी जागा वजा करायची. एकट्या लहान प्लॉटचं गणित जुळत नाही. म्हणून शेजारचे दोन-तीन प्लॉट एकत्र करणारा माणूस लागतो, आणि तो बहुतेक वेळा पेठेतला जुना मालक नसतो, भांडवलवाला बांधकाम व्यावसायिक असतो. नियमात कुठेही 'लहान मालकाने विकून टाकावं' असं लिहिलेलं नाही. पण गणित त्याच्या कानात तेच सांगतं.

आता भाडेकरूकडे येऊ. समजा, शाहूपुरीत बारदान आणि सुतळीचं एक दुकान आहे. आजोबांनी घेतलेलं, आता नातू बसतो. जागा दोनशे चौरस फूट, पण कोपऱ्यावर. इमारत पाडायची ठरते. कायद्याने मालकाला पुनर्बांधणीसाठी ताबा मागता येतो. मात्र आराखडा मंजूर आहे का, बांधायला पैसा आहे का, हे न्यायालय तपासतं, आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा घेण्याचा हक्क असतो. तो मुदतीत बजावावा लागतो. बहुतेक प्रकरणं न्यायालयात न जाता आपसात मिटतात. मालक म्हणतो, दोनशेच्या जागी दोनशे वीस देतो. ऐकायला फायद्याचं आहे.

पण दोनशे वीस कुठे? तळमजल्यावर कोपऱ्यात, की पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला? सुतळी घ्यायला जिना कोण चढणार? बांधकामाला तीन वर्षं लागली, तर तोवर दुकान कुठे? गिऱ्हाईक तीन वर्षं थांबत नाही, ते पाचव्या दिवशी दुसरीकडे जातं. नव्या इमारतीचा महिन्याचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट. आणि तो नुकसान भरून काढणारा करार नोंदवलेला आहे, की शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवर विश्वासाने लिहिलेला? इथे 'सत्यसुधारक' हॉटेल पुन्हा आठवा. गाळा मिळणं अर्धं, गिऱ्हाइकाने पायरी चढणं अर्धं. आपण पुनर्विकासात चौरस फूट मोजतो. गिऱ्हाईक, ओळख आणि उधारीची वही मोजायचं माप आपल्याकडे नाही.

आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचं? हमाल, दुकानातला नोकर, दाराशी बसणारी भाजीवाली, सायकलवरून चहा पोचवणारा पोरगा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. पण इमारत पडते तेव्हा तिच्या पायरीवर बसणाऱ्यांचा हिशेब कुठल्याच करारात नसतो.

असं म्हणताना आम्ही जुन्याचे भक्त आहोत असं समजू नका. धोकादायक इमारत उभी ठेवणं हा वारसा नव्हे. कौलांखाली जीव मुठीत धरून बसणाऱ्या दुकानदाराला इतिहासाचं कौतुक ऐकवणं बरं नाही. अरुंद जिने, विजेच्या वायरींची जाळी, आग लागली तर बंब आत जाणार नाही अशा गल्ल्या. बदल हवाच आहे. प्रश्न एवढाच, की बदलाची किंमत कोण देतं आणि वाढलेली किंमत कोणाला मिळते.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे, पाण्याचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याच्या वाटेने ते शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत शिरलं आणि पेठेतला माल भिजला. आता नवी इमारत जोतं उंच करते, खाली भराव टाकते. तिचं बरोबरच आहे. पण तिने अडवलेलं पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या दुकानात जातं. एकेका प्लॉटचा पुनर्विकास केला की एकेकाचा बचाव होतो आणि गल्ली बुडते. १८९५ मध्ये अख्खी पेठ एकत्र आखली गेली होती. आज आपण तीच पेठ तुकड्या-तुकड्याने पाडतो आहोत आणि तुकड्या-तुकड्याने बांधतो आहोत. दोन काळांमधला हा मोठा फरक आहे.

जुन्या गाभ्यातही हाच प्रश्न दारात आला आहे. अंबाबाई मंदिर परिसराच्या १४४५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. भाविकांची सोय व्हायला हवी, यात वाद नाही. पण मंदिराभोवतीची घरं आणि दुकानं हीच तर शेकडो वर्षांची पेठ. तिथला दुकानदार मंदिराचा पाहुणा नाही, शेजारी आहे. त्याला पैसे देऊन उठवायचं, की त्याच परिसरात बसवायचं, हा निर्णय आराखड्याच्या नकाशाइतकाच महत्त्वाचा आहे.

कोणी म्हणेल, बाजार आहे, ज्याला परवडेल तो राहील. यावर इतिहासाचं उत्तर असं. कोल्हापूरची पेठ निव्वळ बाजाराने झालेली नाही. जमीन सरकारने दिली, गल्ल्या सरकारने आखल्या, व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावलं, ज्यांना कोणी बोलावत नव्हतं त्यांनाही जागा करून दिली. पुढे भाडी गोठवली तीही सरकारने, आणि चटईक्षेत्र वाढवून दिलं तेही सरकारनेच. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ठरवलं, की इथे कोणी बसायचं. मग आजच 'हे आपोआप होतंय' असं का म्हणायचं? आजही ठरवलंच जातं आहे. फक्त ते कोण ठरवतं हे आपण विचारत नाही.

जाता जाता ऐकणाऱ्यांना एक विनंती. आपल्यापैकी कोणाचं पेठेत दुकान असेल, मालकीचं किंवा भाड्याचं, तर जुन्या भाडेपावत्या, परवाने, घरफाळ्याच्या पावत्या, रोजमेळ, खतावण्या रद्दीत देऊ नका. उद्या हक्क सिद्ध करायला त्याच लागतील. जागेचा करार होत असेल तर चौरस फुटांबरोबर मजला, तोंड कुठल्या रस्त्याला, मधल्या काळातली जागा आणि देखभाल खर्च लिहून घ्या, आणि करार नोंदवा. एकट्याने बोलणी करू नका, गल्लीने मिळून करा. आणि हे सगळं झाल्यावर त्या वह्यांची एक प्रत आमच्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही दाखवा. राजांच्या सनदा जपून ठेवणारी दप्तरं आहेत. सुतळीच्या दुकानाचं दप्तर मात्र त्या दुकानातच असतं, आणि इमारत पडली की तेही ढिगाऱ्यात जातं.

इथेच थांबतो.